रेलिंगवरची पहिली पन्नी

माझा स्वभाव भांडकुदळ आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, मीही सरकारी नोकरीतूनच निवृत्त झाले. आमच्या घरात राग आला की माणसं ओरडत नाहीत, अर्ज लिहितात. वर विषय, खाली संदर्भ, शेवटी तीन प्रती. सोनागिरीतल्या घरासमोरच्या पार्कसाठी मी असे किती अर्ज केले ते मलाही आठवत नाही. बंद पडलेला दिवा, मोडकी घसरगुंडी, नळाची तोटी, सगळं भांडून करून घेतलं. तोटी तर दोनदा.

गेल्या वर्षी पार्कच्या पिंपळाच्या कोपऱ्यात, रेलिंगच्या खाली, कचऱ्याचा ढीग व्हायला लागला. कचरागाडी रोज गाणं वाजवत दारापुढे येते, तरी लोकांना तो कोपराच सापडायचा. शिळं अन्न, नारळाच्या शेंड्या, फुटके मग, लहान मुलांचे डायपर. गाई येऊन पिशव्या फाडायच्या आणि सगळं रस्त्यावर यायचं. माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी फिरायला निघाले की मी ढिगाचा फोटो काढायची आणि निगमच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, तक्रारींच्या अ‍ॅपवर टाकायची. त्यांनी तक्रार बंद केली की दुसऱ्या संध्याकाळी नवी. एक दिवस सोडला नाही.

आमची गल्ली आणि पार्क झाडणारी बाई एकच, रोजंदारीवरची. कितीतरी वर्षं तीच येत होती. सकाळी आठच्या आत कोपरा साफ करून पुढे गल्ली झाडायला जायची. वयाने माझ्याहून फार लहान नाही, तरी मला अम्मा म्हणते. ते मला आवडत नाही, पण त्यावर अर्ज करता येत नाही. 'इधर पत्ते रह गए' यापलीकडे मी तिच्याशी कधी बोलले असेन असं वाटत नाही.

एका सोमवारी तिच्या जागी दुसरीच बाई आली. गुरुवारी ती स्वतः माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली, हातात झाडू नव्हता. तिला कामावरून काढून घरी बसवलं होतं. मोहल्ल्यातून रोज फोटोसकट तक्रार येते, म्हणजे तू काम करत नाहीस, असं तिला सांगण्यात आलं होतं. मी लगेच हात झटकले. म्हटलं, मी तुझी तक्रार केलीच नाही, ढिगाची केली.

ती शांतपणे म्हणाली, "अम्मा, ढेर तो मैं रोज उठाती थी। पर मेरे जाने के बाद पहली पन्नी तो आपकी ही टँगती थी।"

पन्नी म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. आणि ती माझीच होती. देवाला वाहिलेली फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत, ही आमच्या घरची रीत. इथे जवळ नदी नाही, तलाव लांब, म्हणून पिंपळ. पायदळी येऊ नयेत म्हणून निर्माल्य पिशवीत बांधून मी रोज नऊच्या सुमारास रेलिंगच्या टोकाला अडकवत असे. मग ते कुठे जातं, कोण काढतं, हे मी कधी विचारलं नाही. देवाचं देव बघून घेतो असंच काहीतरी मनात असावं. आमच्या ओळीतल्या चार घरांनी माझं पाहून तेच सुरू केलं होतं. एक पिशवी लटकलेली दिसली की येणाराजाणारा आपलीही तिथेच ठेवून जायचा.

ती गेल्यावर मी फोनमधले फोटो उघडून बसले. प्रत्येक फोटोत, ढिगाच्या बरोबर वर, कुंकवाचे डाग पडलेली पिशवी होती. तिला माझी दुहेरी गाठ होती. मी माझ्याच विरुद्ध पुरावे पाठवत होते आणि शिक्षा दुसरीला झाली होती.

दुसऱ्या दिवशी निगमच्या झोन ऑफिसात गेले. तिथल्या तरुण साहेबांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं की मॅडम, तुमची तक्रार निकाली निघाली, बाई बदलली. मी अर्ज पुढे केला. विषय होता, पार्कमध्ये कचरा टाकल्याबद्दल माझ्यावर कारवाई करण्याबाबत. सोबत माझेच फोटो. ते हसले. निर्माल्य म्हणजे काय कचरा आहे का, ती तर श्रद्धा, तुम्ही घरी जा, म्हणाले.

मी म्हटलं, "चालान मेरे नाम का काटिए। जब तक नहीं कटेगा, मैं यहीं बैठी हूँ।"

आणि बसले. डब्यात पोळीभाजी होती, थर्मासात चहा होता. सरकारी कचेरीत कसं बसायचं हे मला कोणी शिकवायला नको. दुपारनंतर ते कंटाळले. दंडाचं चालान फाडलं, आणि ढिगात बाईचा दोष नाही हे मी त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी ती कामावर आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही, आणि का बघावं?

फुलं मी आता अंगणातल्या कुंडीत पुरते. चालान मात्र घरात ठेवलं नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रेलिंगच्या त्याच टोकाला बांधलं. खाली कार्डावर हिंदीत लिहिलं की इथली पहिली पन्नी माझी होती, पुढची कोणाची ते मी बघणार आहे. खाली माझं पूर्ण नाव. ओळीतल्या एक वहिनी घरी येऊन समजावून गेल्या, काढून टाका, मराठी लोकांची अब्रू जाते. मी म्हटलं, आपली अब्रू ती बाई रोज पाटीत भरून नेत होती, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. त्या चहा न घेता गेल्या. ढीग अजून पूर्ण बंद नाही, पण एखादी पिशवीच पडते, आणि कोणाची ते मला साधारण कळतं.

उन्हाळ्यात कार्डावरची शाई उडाली. एका सकाळी फाटक वाजलं. ती होती, कामावर आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या दारात.

"अम्मा, नाम मिट गया है। फिर से लिख दो।"

ती हसत नव्हती. मी आतून जाड मार्कर आणला आणि तिच्यासोबत रेलिंगपर्यंत गेले. माझं नाव मोठ्या अक्षरात लिहून होईपर्यंत ती झाडू धरून शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, मकान नंबर भी.

मी तोही लिहिला.