खिशातलं खोडरबर

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या वॉर्डात, पुष्पलताबाई निनावे अकरा वर्षं इन्चार्ज सिस्टर होत्या. या अकरा वर्षांत त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात खोडरबर नाही असा दिवस गेला नाही. दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला त्या ड्युटी चार्ट करायला बसत. चोवीस खाटा, दहा सिस्टर, सकाळ, दुपार, रात्र. लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. एकीच्या पोराची परीक्षा, दुसरीच्या सासूचं मोतीबिंदू, तिसरीला बघायला पाहुणे येणार. कुणाकुणाचं सांभाळणार? चार्ट भिंतीवर लागला की पुढचे दोन दिवस वॉर्डात कोणी त्यांच्याशी धड बोलत नसे. चहा यायचा, पण गार.

वर्षभरात तीन सिस्टर नोकरी सोडून गेल्या. चौथी जाऊ बघत होती ती काजल. ही उमरेडची, रोज एसटीने येणारी, आणि म्हाताऱ्या माणसाची दडलेली शीरही पहिल्या टोचण्यात धरणारी. दुपारची ड्युटी रात्री नऊला सुटायची. काजल घरी पोचेपर्यंत तिची चार वर्षांची लेक झोपलेली असायची. जून महिन्यात एका सकाळी तिने पुष्पलताबाईंसमोर पाकीट धरलं.

"मॅडम, राजीनामा आहे. तारीख नाही टाकली अजून."

पुष्पलताबाईंनी पाकिटाला हात लावला नाही. "पर्समध्ये ठेव ते. मले दोन महिने दे."

दोन महिन्यांत काय करणार, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पण डोक्यात एक गल्ली होती. त्यांचे वडील नत्थूजी पाचपावलीत हातमागावर लुगडी विणायचे. ताण्याच्या सुताला खळ लावायची तर ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरावं लागे, म्हणजे एका सकाळी एकाच घराचं काम. घरं वीस, गल्ली एक. उद्या कोणाचा ताणा, हे ठरवायला ना मालक होता ना मुकादम. संध्याकाळी बाया ओट्यावर बसत, जिच्या घरी अडचण ती आधी बोले, आणि बाकीच्या आपापली सकाळ मागेपुढे सरकवत. भांडणं होत, आयमाय निघे, पण ताणा कोणाचा खोळंबला नाही. माग कधीचे विकले गेले आणि नत्थूजीही गेले. गल्ली मात्र लेकीच्या डोक्यात राहिली. वॉर्डातल्या बायांनी आपला चार्ट आपणच का भरू नये?

हे त्यांनी मॅनेजर स्वानंदसाहेबांना सांगितलं. साहेब वयाने त्यांच्या मुलाएवढे, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर दोन मोबाईल.

"मॅडम, आयडिया चांगली आहे," ते म्हणाले. पुढे 'पण' येणार हे कळायला नोकरीची तीस वर्षं लागत नाहीत. "पण दुपारी दोन वाजता वॉर्डात सिस्टरच नसली तर? पेशंटच्या नातेवाईकांना काय तुमची गल्ली दाखवू?"

"नसली तर मी जबाबदार."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. दोन महिने करून बघायचं. एकाही ड्युटीला माणूस कमी पडलं तर त्याच दिवशी जुनी पद्धत परत, आणि इन्चार्जपद दुसऱ्या कोणाकडे. वर साहेबांची एक अट होतीच. खोडरबर पुष्पलताबाईंकडेच राहील, शेवटचा शब्द इन्चार्जचा. ही अट त्यांना फार बरी वाटली. आपल्यावर विश्वास आहे म्हणूनच घातली, असं वाटलं. माणूस किती भोळं असतं!

दोन्ही महिन्यांचे कोरे चार्ट भिंतीला लागले, शेजारी दोरीने पेन्सिल बांधली. दहाही जणी त्याच्यासमोर जमल्या आणि एकीनेही हात पुढे केला नाही.

"हे मले काही सीधं दिसून नाही राहिलं," इंदूबाई म्हणाल्या. इंदूबाई वॉर्डात सगळ्यांत जुन्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्या बोलल्या की बाकीच्यांची बोलायची गरज उरत नसे. "आज म्हनते तुम्हीच भरा. उद्या म्हनन, तुम्हीच भरलं ना, मंग भोगा."

तरी हळूहळू नावं पडू लागली. काजलने सकाळच्या ड्युट्या घेतल्या आणि बदल्यात आपल्या रविवारच्या सगळ्या सुट्ट्या देऊन टाकल्या. पहिला महिना निभावला. पुष्पलताबाईंचा रक्तदाब तेवढा वाढला. रोज दोन वाजायला आले की त्या जिन्याकडे बघत उभ्या राहायच्या आणि दुपारच्या ड्युटीची तिसरी, शेवटची सिस्टर दिसली की मगच श्वास सोडायच्या.

दुसऱ्या महिन्यात तान्हा पोळा आला. बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा पोळा. लाकडी नंदी सजवायचा, पोराला नवे कपडे घालायचे आणि घरोघर हिंडून बोजारा, म्हणजे पैसे नि खाऊ, गोळा करायचा. त्यात त्याच दिवशी मारबतीच्या, इडापिडा घालवायच्या पुतळ्यांच्या मिरवणुका, अर्धं शहर रस्त्यावर. अशा दिवशी दुपारी दोन ते नऊ ड्युटी कोणती आई मागून घेईल? चार्टावर त्या दुपारच्या तीन चौकटी कोऱ्या होत्या. आठ दिवस आधी कोऱ्या, तीन दिवस आधी कोऱ्या. जिला तिला वाटे, दुसरी लिहील. पोळ्याच्या दिवशी सकाळी स्वानंदसाहेब राऊंडला आले आणि त्यांनी त्या तीन कोऱ्या चौकटी पाहिल्या. जाताना म्हणाले, "उद्या दोन वाजता येतो मी."

एक वाजता वॉर्ड जेवणात होता. पुष्पलताबाई चार्टापाशी गेल्या, पेन्सिल हातात घेतली आणि भराभर तीन नावं लिहिली. ऋतुजा. पंचफुला. इंदूबाई. झालं! दहा सेकंदांचं काम. अकरा वर्षं हेच तर केलं होतं.

"लिहा, लिहा. थांबल्या काहून?"

मागे इंदूबाई उभ्या होत्या, हातात जेवणाचा डबा.

"इंदूताई, उद्या कोणी नाही आलं तर सगळं बुडते."

"बुडू द्या. आमचं काय जाते? पेन्सिल आम्हाले देली, रबर तुमच्या खिशात. आम्ही लिहायचं अन् तुम्ही खोडायचं. मंग आम्ही काहून लिहावं?" इंदूबाईंनी डबा टेबलावर ठेवला. "अन् एक सांगा. या चार्टावर नावं किती हायेत?"

"दहा."

"वॉर्डात सिस्टर किती?"

पुष्पलताबाईंनी मनात मोजलं. अकरा. अकरावं नाव त्यांचं. इन्चार्जचं नाव चार्टावर नसतंच. सकाळी नऊ ते पाच, सणाला सुट्टी. 'आपण सगळ्या मिळून' असं दोन महिने बोलत होत्या आणि स्वतःचं नाव लिहायचं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं. नत्थूजींचा ताणाही त्याच गल्लीत पडत होता, हे आपण कसं विसरलो? त्यांना स्वतःची लाज वाटली. खरीखुरी, कानशिलं तापवणारी लाज.

दोन वाजता सकाळच्या आणि दुपारच्या सिस्टर बदलीला एकत्र आल्या तेव्हा पुष्पलताबाईंनी सगळ्यांसमोर ती तिन्ही नावं खोडली. मग खिशातलं खोडरबर काढलं, इंजेक्शनच्या सुईने त्याला आरपार भोक पाडलं, ड्रेसिंगच्या दोऱ्यात ओवलं आणि पेन्सिलीशेजारी टांगलं. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"जिची अडचण तिनं आधी बोलायचं, असं आमच्या गल्लीत होतं," त्या म्हणाल्या. "आज माही अडचण हाय. उद्या तीन जणी नाही दिसल्या तर जुना चार्ट परत, अन् माही इन्चार्जगिरी जाते. मी तसं लिहून देलं हाय. तुम्हाले सांगतलं नाही, हे चुकलं. रबर माह्याजवळ ठेवाची अट साहेबाची होती, ते बी सांगतलं नाही. कोणाले जबरदस्ती नाही. पहिलं नाव मी लिहून राहिली."

आणि त्यांनी चार्टाच्या तळाशी, दहा नावांच्या यादीखाली अकरावी ओळ आखली, तिच्यावर आपलं नाव घातलं आणि तान्ह्या पोळ्याच्या दुपारच्या पहिल्या चौकटीतही तेच लिहिलं.

"मॅडम, नातवाचा पहिला तान्हा पोळा हाय ना तुमच्या?" ऋतुजाने विचारलं. साऱ्या वॉर्डाला तो नंदी माहीत होता. पुष्पलताबाईंनी महिनाभर आधी आणून त्याचा फोटो सगळ्यांना दाखवला होता.

"हाय."

इंदूबाईंनी डबा पिशवीत टाकला, पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या चौकटीत नाव लिहिलं. "माहे पोरं घोड्यावानी वाढले. त्यायले कायचा नंदी," एवढं म्हणून त्या निघून गेल्या. तिसरी चौकट बराच वेळ कोरी राहिली. साडेतीनला तिथे ऋतुजाचं नाव दिसलं.

त्या संध्याकाळी मुलगा प्रज्वल फोनवर चिडला. "आई, वर्षभर तूच नाचून राहिली होती नंदी नंदी करून!" त्याचं चुकलं काय? पुष्पलताबाईंनी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडल्या.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना स्वानंदसाहेब आले. दुपारच्या तिघींपैकी वॉर्डात पुष्पलताबाई आणि इंदूबाई, दोघीच. दोन वाजले. फोन वाजला. ऋतुजा ओरडून बोलत होती, मागे ढोल. "मॅडम, गांधीबागेत फसली. मारबत समोर हाय, गाडी सरकूनच नाही राहिली. गाडी टाकून पायी येऊन राहिली!"

"किती वाजले?" साहेबांनी विचारलं. घड्याळ त्यांच्या समोर होतं.

तेवढ्यात कपडे बदलून, पर्स खांद्याला लावून काजल बाहेर आली. तिची सकाळची ड्युटी संपली होती, आणि फोनवरचं ऋतुजाचं ओरडणं तिलाही ऐकू आलं होतं. अडीचची उमरेड गाडी पकडायची, लेक नंदी घेऊन दारात वाट बघत असणार. पुष्पलताबाईंच्या जिभेवर शब्द आला होता, थांब गं थोडी. त्यांनी तो गिळला. हुकूम केला तर काल टांगलेल्या त्या रबराला काही अर्थ उरणार नव्हता, आणि विनवणी केली तर तोही हुकूमच. इन्चार्जने विनवलं की सिस्टर नाही म्हणू शकत नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. सहा नंबरचा पेशंट पाणी मागत होता, इंदूबाई तिकडे गेल्या.

काजल जिन्यापर्यंत गेली. तिथे थांबली, साहेबांकडे बघितलं, चार्टाकडे बघितलं आणि परत फिरली. तीन मिनिटांत पांढऱ्या ड्रेसमध्ये बाहेर आली. चार्टापाशी जाऊन तिने रबराने ऋतुजाचं नाव पुसलं आणि त्याच चौकटीत बारीक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. काजल, दोन ते पावणेतीन. ऋतुजा, पावणेतीन ते नऊ.

"असं पाऊण तासाचं लिहिता येत नाही," साहेब म्हणाले. "ड्युटी म्हणजे ड्युटी असते. आणि हे खोडरबर इथे कसं? ते मॅडमकडे राहील असं ठरलं होतं आपलं."

"मीच टांगलं, साहेब," पुष्पलताबाई म्हणाल्या. "अट मोडली. काय करायचं ते करा. पण आधी मोजून घ्या."

साहेबांनी मोजलं. एक, दोन, तीन. मग चार्ट खालपर्यंत वाचला आणि अकराव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे तुमचं नाव आहे?"

"हो."

"तुमची आज सुट्टी असते."

"असायची."

साहेबांनी मोबाईल काढून चार्टाचा फोटो घेतला. "डॉक्टरबाईंना दाखवतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले. दवाखान्याच्या मालकीण त्या, काय म्हणणार होत्या कोण जाणे. पण जुना चार्ट काही त्या दिवशी परत आला नाही.

पावणेतीनला पाच कमी असताना ऋतुजा आली. चपलेचा पट्टा तुटलेला, कपाळावर गुलाल, श्वास लागलेला. काजलने तिला पेशंट समजावून दिले आणि पर्स उचलली.

"साडेतीनची गाडी भेटते मले. लेक वाट पाहीन अजून," ती म्हणाली.

पण जाता जाता ती शेजारच्या, पुष्पलताबाईंनी आशेने आधीच लावून ठेवलेल्या पुढच्या महिन्याच्या कोऱ्या चार्टापाशी थांबली. दोरीची पेन्सिल ओढली आणि अठ्ठावीस तारखेच्या सकाळच्या चौकटीत आपलं नाव लिहिलं. सावकाश, पूर्ण नाव.

अजून पाच आठवडे होते त्या दिवसाला. तिच्या पर्समधल्या राजीनाम्यावर मात्र अजून तारीख नव्हतीच. पुष्पलताबाई वळल्या, सहा नंबरच्या पेशंटची सलाईन उगाचच तपासू लागल्या आणि इंदूबाईंना म्हणाल्या, "डोळ्यात काही गेलं वं."

"जाऊ द्या," इंदूबाई म्हणाल्या. "चहा सांगतो. गरम."