बॅगेतली पाण्याची बाटली

मंडळी, नवरा गेल्यापासून त्यांची कॉम्प्युटर दुरुस्तीची बॅग घेऊन मीच घरोघर जाते. त्यांचीच पुस्तकं वाचून शिकले. बॅगेत पेचकस, ब्रश, कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी घासून पुसायला खोडरबर आणि या दुष्काळात माझी पाण्याची बाटली.

आज सिडकोत एका काकूंचा बंद कॉम्प्युटर सुरू करून दिला. त्यांनी पाणी आणलं. मी म्हटलं, "नको, माझ्याजवळ आहे."

काकू तडकल्या, "का गं, आमच्या घरचं चालत नाय व्हय?"

"तसं नाय काकू. तुमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून."

"घोटभर पाण्यानं टाकी रिकामी होती व्हय? पी गुमान!"

मी प्याले. तेवढ्यात त्यांनी शेजारणीला हाक मारली, "अगं, कॉम्प्युटरवाली आलीय. तुझाबी दाखवून घे!"

आजवर सगळे मला कॉम्प्युटरवाल्याची बायको म्हणायचे. 'कॉम्प्युटरवाली' ही हाक ऐकायला आज माझे यजमान हवे होते.

तुम्हाला तुमच्या कामाच्या नावानं पहिली हाक कुणी मारली?