पंधरा शब्द

नऊ वर्षांच्या माझ्या सईला काय आठवतं आणि काय नाही, हे जाणून घ्यायचीच मला भीती वाटत होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राधानगरीच्या रस्त्यावर झालेल्या अपघातात तिची आई गेली आणि सईच्या मेंदूला मार बसला. जखम भरली, पण तिचं बोलणं फार कमी झालं. कुणी काही विचारलं की उत्तर मीच देऊ लागलो. आई गेल्याचं तिला सांगायचा धीर मला झाला नव्हता, आणि तीही कधी विचारत नव्हती.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात एक बाई तिची चाचणी घेत. पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळाने किती आठवतात ते पाहायचं. पहिल्या खेपेला तिला दोनच आठवले. मी पडद्याआडून सगळे टिपून घेतले आणि सहा महिने तिच्याकडून घोकून घेतले: बादली, चिमणी, कंदील... मी शिक्षक. ती नापास झाली तर शाळा परत घेणार नाही, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी तिला नृसिंहवाडीला नेलं. पत्नी गेल्यापासून मी देवापुढे हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले, तेही मागण्यासाठी: महाराज, पंधराही शब्द आठवू देत.

घाटाच्या पायरीवर आमच्या शेजारी हुपरीची एक बाई बसली होती, घरी पैंजण घडवणारी. तिने सईला नाव विचारलं, मी सांगितलं. इयत्ता विचारली, तीही मीच सांगितली.

“पावणं, तुमास्नी कोन इचारतंय?” ती ठसक्यात म्हणाली. “मास्तर हाय व्हय? पोरगीला बोलू द्या की!”

मी ओशाळून गप्प बसलो.

“आई कुटं हाय गं तुजी?”

सई पाण्याकडे बघत राहिली. बाईने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने सई तिच्याकडे झुकून हळूच म्हणाली, “आई गेली. बाबांना सांगू नका, ते रडतील.”

दुसऱ्या दिवशी मी चाचणीच्या बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी यादी बदलली आणि मला बाहेर बसवलं. सईला पाच शब्द आठवले. “आता सुरुवात कुठून करायची ते कळलं,” बाई म्हणाल्या. शाळेने तिला एक इयत्ता खाली बसवून परत घेतलं.

हुपरीची ती बाई पुन्हा दिसली नाही. ती कोण होती, याचा मी खल करत नाही. महाराजांकडे मागितलं ते मिळालं नाही, पण गप्प बसून ऐकायची बुद्धी मिळाली, आणि त्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे. चाचणी झाली त्या संध्याकाळी सई तिच्या आईबद्दल थांबत थांबत बोलली. मी रडलो. तिने माझा चष्मा काढला, आपल्या फ्रॉकला पुसला आणि मी शांत होईपर्यंत हातात धरून बसली.