लाल बदामाच्या पाकिटातलं मीठ

माझा म्हातारा ओट्यावरून उठायला गेला आणि तसाच खाली बसला. दुसऱ्यांदा उठायला गेला तर पाय हललेच नाहीत. ओठ पांढरे पडलेले. माझं लुगडं धरायला हात पुढे करत होता, पण मुठीत जोर नव्हता. सकाळची वेळ होती. मी त्याच्यावरच खेकसले, "नाटकं नका करू. उठा."

"नाय गो. पायात जीव नाय."

मनगट धरलं तर नाडी लागेना. लागली ती इतकी सावकाश, की दोन ठोक्यांच्या मधे मला वाटलं संपलं.

शेजारच्यांची रिक्षा होती. तिच्यात त्याला घातला आणि चिंचणीहून बोईसरला निघालो. रस्त्यात कंपन्यांचे ट्रक आडवे. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. डोळे मिटूनच म्हणाला, "तव्यावर बांगडा ठेवलायस. जळेल."

"जळू दे," मी म्हटलं.

माझ्याशी बोललेलं त्याचं ते शेवटचं.

दवाखान्यात त्याच्या छातीला वायरी लावल्या, मशिनीतून कागद निघाला. डॉक्टर तरुण होता. कागद बघून त्याने विचारलं, "आजी, हे खातात काय?" मी ताठ मानेने सांगितलं, सगळं चांगलंच खातात, मीठसुद्धा बीपीवाल्यांचं आणलंय. तो लिहायचा थांबला. "किती घालता?" मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. तो धावतच आत गेला.

ते मीठ माझ्या घरात कसं आलं ते सांगते.

त्याला बीपी होतं, आणि पुढे तपासणीत मूत्रपिंडंही कमजोर निघाली. मीठ तोडा, सुकी मासळी बंद, असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं. ज्या माणसाचा जन्म होडीत गेला त्याला खारं बंद करायला सांगणं सोपं आहे. रोज त्याच्यासमोर भाकर मोडायला मला बसावं लागायचं. मी आळणी कालवण वाढलं की तो ताटाकडे बघायचा आणि म्हणायचा, "काय गो, मिठागर बुडालं काय?"

"तुमच्या पायी बुडालं. खावा."

"हे कालवण नाय, मासा आंघोळ करून गेलाय."

मी हसायचे नाही. पण तो निम्मं टाकून उठायचा ते मला बघवत नव्हतं. महिनाभरात त्याचा सदरा त्याच्या अंगावर लोंबायला लागला. औषधाने वाचेल आणि उपाशी मरेल, असं मला वाटायला लागलं.

मी बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसते. माझं एक गिऱ्हाईक आहे, घाटावरची बाई, नवरा कंपनीत. तिला मी रडगाणं ऐकवलं. ती म्हणाली, "मावशी, मोठ्या दुकानात बीपीचं वेगळं मीठ मिळतं. आम्ही तेच वापरतो." त्याच दिवशी मी त्या गार हवेच्या दुकानात गेले. पाकिटावर लाल बदाम काढलेला, काळजाचा काढतात तसा. मागे बारीक इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकले, तीही मराठी. साध्या मिठापेक्षा कितीतरी महाग होतं. महाग आहे म्हणजे चांगलं असणार, हा हिशेब मी केला. डॉक्टरला विचारलं नाही. मीठ काय डॉक्टरला विचारून घ्यायचं असतं?

घाटावरची बाई ते आमटीत चिमूटभर टाकत असणार. आमच्याकडे मीठ चिमटीत धरत नाहीत. मासा खारवायचा तर ओंजळीने मीठ लागतं. मी विचार केला, वाईट मीठ बंद करायला सांगितलंय, हे तर चांगलं आहे. मग याच मिठात बांगडे खारवले तर म्हाताऱ्याला खाता येतील. दुकानात होती तेवढी पाकिटं उचलली. बांगडे पाठीतून चिरले, पोटं साफ केली, बरणीत एक थर मासा, एक थर मीठ असं भरलं. दाबून वर दगड ठेवला. मग काढून उन्हात टाकले. कालवणातही तेच मीठ, सढळ हाताने.

पहिला बांगडा भाजला तेव्हा वासानेच तो ओट्यावरून आत आला. विणायचं जाळं तिथेच टाकून.

"डॉक्टरला कळलं तर?"

"हे डॉक्टरचंच मीठ हाय. गपचूप खावा."

एक घास खाल्ला, जीभ फिरवली. "जरा कडू लागतंय गो."

"औषधाचं हाय, कडूच लागणार."

हे मी बोलले. मला खरंच तसं वाटत होतं.

मग आठ दिवस आम्ही जेवलो. तांदळाची भाकर, भाजका बांगडा, फोडलेला कांदा. तो काटे चोखून ताटाच्या कडेला ओळीने मांडायचा आणि बोटं चाटत माझ्या ताटातला तुकडा उचलायचा. मी हातावर मारायचे. तो तरी उचलायचा. इतक्या वर्षांच्या संसारात मला नीट आठवतात ते हेच आठ दिवस. आता मी खड्याच्या मिठात खारवलेले बांगडे आणते, भाजते, आणि एक पुरा संपत नाही. कोणी नावं ठेवत नाही, कोणी तुकडा उचलत नाही. मुलगा म्हणतो, आई, बोईसरला ये राहायला. तिथे काय करू? तिथल्या ओट्यावर तो कधी बसलाच नाही.

दुकानात जाते तेव्हा काउंटरवरच्या पोरीला पाकिटामागचं सगळं वाचायला लावते. मागची माणसं ओरडतात, "अम्मा, जल्दी करो." करत नाही.

त्या दिवशी दुपारी दवाखान्यात डॉक्टर बाहेर आला आणि त्याने मला समजावलं. त्या मिठात नेहमीच्या मिठाऐवजी बराचसा दुसरा क्षार असतो. धडधाकट माणसाच्या लघवीतून तो निघून जातो. मूत्रपिंडं कमजोर असली तर रक्तात साठतो, आणि हृदय मंद होत होत थांबतं. त्यांनी सुया दिल्या, छाती दाबली, पण फार उशीर झाला होता. पाकिटामागे ते लिहिलेलं असतं, असंही तो म्हणाला. मला दोष द्यायला नाही, नुसतं सांगायला म्हणून.

मी विचारलं, "मग मला कसं काय झालं नाय? मी पण तेच खाल्लं."

"तुमची मूत्रपिंडं चांगली आहेत, आजी."

आठ दिवस आम्ही दोघांनी एकाच बरणीतले बांगडे खाल्ले. तो गेला. मी राहिले.