मामाची न घेतलेली गाडी

भित्रेपणालाही निष्ठा लागते, हे मला माझ्या मामाने दाखवून दिलं. पनवेलच्या पंचक्रोशीत त्याच्याइतका घाबरट माणूस झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही, कारण आता लोकांना तेवढी सवड नाही. बाकीचे संकट आल्यावर घाबरतात. मामा आधीच घाबरून ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी धांदल नको. गॅस बंद आहे ना हे बघायला तो निम्म्या जिन्यावरून परत वर जायचा आणि वर पोचल्यावर खालचं फाटक उघडं राहिलं या भीतीने पुन्हा खाली यायचा. केळं सोलण्याआधी साल कुठे टाकायचं ते तो ठरवून ठेवायचा. यात त्याचा दोष नव्हता. विम्याच्या कचेरीत अपघातांचे दावे तपासण्यात त्याची सगळी नोकरी सरली होती. आपली भीती ऐकीव असते, मामाची सही-शिक्क्यानिशी टेबलावर यायची. कंटेनरखाली गेलेल्या गाड्या, विहिरीत उतरलेले ट्रॅक्टर, वरातीत उधळलेली घोडी, हे सगळं त्याने नजरेखालून घातलं होतं आणि त्यातलं काही विसरणं त्याला जमत नव्हतं. त्यामुळे पुढे होणाऱ्या गोष्टीही तो दाव्याच्या भाषेत बोलायचा. मी भरभर चाललो की मागून आवाज यायचा, "सदर इसम ओल्या लादीवरून चालत असता..." आणि वाक्य तिथेच सुटायचं. उरलेलं मी समजून घ्यायचं.

माझं त्याच्याशी यावरून भांडण असे. आमच्या घरी वडील कामगारांची पत्रकं छापायचे. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या पत्रकांखालून रांगत मी मोठा झालो. भीती हा जुलमाचा सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे, हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. एकदा आवेशात ते मी मामाला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "स्वस्त मिळत असेल तर ठेवावा रे पहारेकरी."

असा हा माणूस डोंगरदऱ्यांत, चिखलात, ओढ्यांत घालायची दणकट गाडी शोधत होता, आणि ते ताईमुळे. ताई म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. मामी गेल्यानंतर मामाला तेवढंच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाने नेरे गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या एका वाडीत शाळा धरली होती. वाडीकडे जाणारा डांबरी रस्ता फार्महाऊसच्या शेवटच्या फाटकापाशी संपतो. त्या फाटकाच्या आत पोहायचा तलाव आहे, आणि फाटकाच्या पुढे चिखल आणि मग ओढा. पावसाळ्यात ओढा चढला की वाडी पलीकडे आणि दवाखाना, बाजार, सरकार सगळं अलीकडे. तिथे मोठा पूल नाही तर निदान साकव तरी बांधा, अशी पत्रकं मी दर वर्षी काढत होतो. ताई मात्र पावसाळ्यातही तिथे शाळेतच राहायची. "बाबा, एकदा येऊन बघा तरी," ती म्हणायची. मामा म्हणायचा, "गाडी ठरली की येतोच." गाडी काही ठरत नव्हती.

ठरणार कशी? नवीन पनवेलला त्याच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक चाचा राहायचे. मस्कतला बरीच वर्षं काढून आलेले. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी मोठी गाडी होती आणि वाळवंटातल्या आठवणी होत्या. समोरच्या सेक्टरात दगडखाणीवाले एक दादा होते. त्यांची डिझेलची जीप सुरू झाली की मामाच्या तिसऱ्या मजल्यावरची भांडी वाजायची. रविवारी सकाळी हे दोघं मामाच्या घरी चहाला यायचे आणि मामाच्या भीतीची आपापसात ओढाताण करायचे.

"मामा, डोक्याला ताप करून घेऊ नका," चाचा म्हणायचे. "पेट्रोलची गाडी म्हणजे घोडा. डिझेल म्हणजे म्हैस."

"चाचा, घोरा पान्याला बुजतं," दादा म्हणायचे. "म्हस आरामात बसते पान्यात."

"बसते ना?" मामा दचकून विचारायचा. "मग तिला उठवायचं कुणी?"

पेट्रोलचं नाव काढलं की त्याला भडका दिसायचा. शिवाय ओढ्याच्या मधोमध प्लगमध्ये पाणी जाऊन गाडी बंद पडणार. डिझेल घ्यावं तर गाडी वजनदार, चिखलात रुतणार, आणि इंजिनाच्या आवाजात मागून येणाऱ्या लोंढ्याचा आवाज ऐकू येणार नाही. एकदा मी त्याला गाड्यांच्या दुकानात नेलं. टाय लावलेल्या विक्रेत्याने हौसेने पुढचं दार उघडलं आणि पेला ठेवायचा खळगा दाखवला. मामा तो खळगा बराच वेळ बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत पाणी येणार हे यांनी गृहीतच धरलंय." निघताना त्याने विचारलं, "ही गाडी वाहून जायला साधारण किती पाणी लागतं?" विक्रेत्याने आम्हाला पुन्हा कधी फोन केला नाही. भिंतीवर मोठं चित्र होतं, चिखल उडवत चाललेल्या गाडीचं आणि आत हसणाऱ्या कुटुंबाचं. मला त्या चित्राचा राग आला. रस्ता नसणं ही कुणाची सहल असते आणि कुणाची शिक्षा, यावर मी रात्रीत एक पत्रक लिहून काढलं. मामाने ते वाचलं आणि विचारलं, "यात डिझेल का पेट्रोल ते कुठे आहे?"

पुढे एका श्रावणात ताईचा फोन येईनासा झाला. वाडीमागच्या टेकाडावर एका खडकापाशी रेंज मिळायची. तिथे चढून ती एक दिवसाआड संध्याकाळी फोन करायची. तो आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही आला नाही. मी सकाळी मामाकडे गेलो, तेव्हा तो छत्री आणि औषधांची पिशवी घेऊन दारातच उभा होता. अर्धवट सोडलेलं एकही वाक्य नव्हतं, सदर इसम नव्हता, काहीच नव्हतं. मामा भीतीबद्दल बोलत नाही हे पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. चाचांनी गाडी काढली. दादांनी ऐकलं आणि जीप घेऊन मागोमाग आले.

फार्महाऊसच्या फाटकापुढे दोन्ही गाड्या डुलत, घसरत ओढ्यापर्यंत गेल्या. ओढा तांबडा होता. त्याचा आवाज कानापेक्षा छातीत ऐकू येत होता. झाडाची एक फांदी वरून आली, आमच्यासमोर एकदा उभी राहिल्यासारखी झाली आणि खाली गेली. पलीकडे शाळेचे पत्रे दिसत होते, वाडी त्यामागे झाडीत होती. शाळेचं दार बंद होतं. आम्ही हाका मारल्या, त्या पाण्यातच गेल्या.

चाचांनी गाडी बंद केली. दादांनीही केली. इतके रविवार भांडलेले हे दोघे आता एकमेकांच्या गाडीचे गुण सांगू लागले.

"चाचा, तुमची गारी हलकी हाय. तुमी पयले घाला."

"नाही नाही, पाण्यात डिझेलच पाहिजे. मी म्हणत होतोच."

कुणी हसलं नाही. मागे हटणार नाही, असं मी कितीतरी पत्रकांत लिहिलं होतं. मी हटलो नव्हतो, पण पायही पुढे पडत नव्हता.

"गाडी नको," मामा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "चाकाखाली काय आलं ते कळत नाही. पायाखाली काय आलं ते कळतं. दोर आहे का?"

दादांकडे जाड दोर होता. मामाने एक टोक कमरेला बांधून घेतलं. दुसरं टोक कुणाच्या गाडीला बांधायचं यावर तशाही वेळी दोघांची बाचाबाची झाली. चाचा म्हणाले माझी जवळ आहे, दादा म्हणाले माझी जड हाय. "दोन्हींना बांधा रे," मामा ओरडला. "एकीने सोडला तर?" आणि छत्री टेकत तो पाण्यात उतरला.

मी त्याला अडवायला हवं होतं असं लोक म्हणतात. अडवायला मी हात धरला होता. तो त्याने सोडवून घेतला. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, कमरेला लागलं. सगळा वेळ तो मोठमोठ्याने घाबरत होता. "धरलायस ना रे? खरं सांग, धरलायस ना?" "धरलाय, मामा." "मला भीती वाटतेय रे." "वाटू दे, मामा, धरलाय." मधोमध त्याचा पाय सटकला. छत्री गेली. डोकं दिसेना. दोर असा ताणला की दोन्ही गाड्या कण्हल्या. आम्ही तिघंही दोराला लोंबकळलो होतो, आणि चाचा पुटपुटत होते ती दुआ दादाही पुटपुटू लागले होते. मग खालच्या अंगाला करंजाच्या मुळाशी एक हात दिसला. मामा पलीकडे होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. शाळेचं दार ढकलून तो आत गेला.

तो बाहेर येईपर्यंतचा वेळ मला मोजता येणार नाही. आला तेव्हा त्याने आधी दोन्ही हात वर केले, म्हणजे आहे, जिवंत आहे. मग कपाळावर तळवा ठेवला, म्हणजे ताप. त्याची औषधांची पिशवी आमच्या काठावर गाडीतच राहिली होती. ती आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दोरावरून सोडली.

ताई आठवड्यात उठून बसली. मामा मात्र परत आला नाही, कारण आता ओढा अलीकडे येताना पार करायचा होता आणि तेवढं धैर्य त्याच्याकडे नव्हतं. पाणी गुडघ्यावर आलं, घोट्यावर आलं, दिवाळीनंतर ओढ्यात नुसते गोटे राहिले. मी न्यायला गेलो. "वरून केव्हा लोंढा येईल सांगता येत नाही," कोरड्या गोट्यांकडे बघत मामा म्हणाला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तो वाडीतच राहिला. पोरांना त्याने घाबरायला शिकवलं: पायताण झटकून घाला, सरपणात हात घालण्याआधी काठी आपटा, ओढ्याचा रंग बदलला की वर पळा. वाडीतली एक म्हातारी मला म्हणाली, "आमी काय सापाला भीत नाय. पन आजा भितो, म्हनून बघून चालतो आमी." ताईच्या चुलीपाशी बसून मामा भाकरी खायचा, आणि ती चटका लावून घेईल म्हणून तवा स्वतः उतरवायचा. मी त्याला इतकं निवांत घाबरताना कधी पाहिलं नव्हतं. इकडे चाचा आणि दादा अजून भांडत होते, मामाने शेवटी कुठली गाडी घेतली असती यावर.

मग साकव झाला. पत्रकं, मोर्चे, कचेरीच्या पायऱ्यांवर बसणं, सगळं फळाला आलं. मजबूत, रुंद, जीप जाईल असा. उद्घाटनाला पेट्रोलच्या आणि डिझेलच्या गाड्या एकामागून एक पलीकडे गेल्या आणि मला माझ्या आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ताई हसून म्हणाली, "बाबा, आता केव्हाही जा-ये करा. भीती नाही." मामाने साकवाचे कठडे हलवून पाहिले. ते हलले नाहीत. लेकीच्या घरी विनाकारण राहून तिची अडचण होऊ नये, ही त्याच्या सगळ्या भीतींत सर्वांत जुनी भीती होती, आणि आता कारण उरलं नव्हतं. संध्याकाळी तो आमच्याबरोबर पनवेलला आला.

आता मोठा पाऊस लागला की त्याचा मला फोन येतो. "साकवावरून पाणी जातंय का रे?"

"नाही, मामा. चांगला उंच बांधलाय."

"हो, चांगला बांधलाय," तो म्हणतो. फोन मात्र ठेवत नाही.