निळे लोक आणि वडनेरची शीव

वर्ध्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मी मास्तरीण व्हायला शिकत होते, तेव्हा वार्षिक परीक्षेच्या पाठासाठी चिठ्ठ्या उचलाव्या लागत. कुणाला गुप्तकाळ आला, कुणाला शिवकाळ. माझ्या चिठ्ठीत निघालं, ‘इंग्लंडचे प्राचीन रहिवासी : केल्ट लोक’. वर्गात हशा पिकला. हे कोण बुवा, असं मलाही वाटलं. पण आपल्याला कुणी हसलेलं मला तेव्हाही खपत नसे आणि आजही खपत नाही.

परीक्षेच्या पाठाची रीत अशी होती. समोर सातवीचा खराखुरा वर्ग, मागच्या बाकावर बाहेरगावाहून आलेले परीक्षक आणि त्यांच्या हातात आपली टाचणवही. पाठात काय बोलायचं, काय विचारायचं ते सगळं त्या वहीत आधीच लिहून द्यायचं. पाठात नापास म्हणजे अख्खं वर्ष नापास, मग लेखी पेपर कितीही चांगले जावोत. आमच्या वस्तीने वर्षभरापूर्वीच बुद्धधम्म घेतला होता. वस्तीतून मास्तरीण व्हायला निघालेली मी पहिलीच. नापास होऊन मला चालणारच नव्हतं.

म्हणून मी पुस्तकाला घट्ट धरून पाठ बसवला. पुस्तकात अर्धं पान होतं. केल्ट लोक रानटी होते, अंगाला निळा रंग फासत, माणसांचे बळी देत. त्यांचं लिहिलेलं काही नाही, म्हणून त्यांना स्वतःचा इतिहास नाही. मग रोमन लोक आले आणि त्यांनी रस्ते बांधले. मी एक मोठा तक्ता काढला. उघडाबंब माणूस, केस उभे, तोंड आणि छाती निळीभोर. सराव पाठात पोरं पोट धरून हसली. आमच्या पाठाच्या बाईंनी वहीत ‘उत्तम’ लिहिलं. मी हवेतच होते.

त्या शनिवारी तक्ता गुंडाळून वडनेरला घरी गेले. दाराला तक्ता अडकवला आणि अंगणात बसलेल्या बाबांना अख्खा पाठ म्हणून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

“हे कोनं लिवलं वं?” त्यांनी विचारलं.

“रोमन लोकायनं.”

“थे कोन?”

“ज्यायनं यायले जिंकलं, थे.”

“मंग बराबर हाय. जिंकनाऱ्यानं लिवलं, अन् तू पाठ करून राह्यली. पोट्टे हासले काय?”

“हासले.”

“आपल्यालेबी असेच हासत.”

मला रागच आला. एवढ्या मेहनतीने बसवलेला पाठ! मी फणकारले, “बाबा, त्यायनं सोताचं काईच लिवून ठेवलं नाई. मंग त्यायचा इतिहास कोन सांगन?”

“मले तरी कुठं लिवता येते?” बाबा म्हणाले. “वडनेरची शीव पटवाऱ्यानं कोनाले इचारून लिवली?”

बाबा गावचे कोतवाल होते. दोन गावांत शिवेवरून वाद पेटला की त्यांना बोलावणं यायचं. ते पुढे चालत आणि दोन्ही गावांची माणसं मागे. कोणत्या निंबापासून कोणत्या दगडापर्यंत, नाल्याने कुठे अंग बदललं, शेताचा कुठला धुरा, म्हणजे बांध, कुणी सरकवला, हे सगळं त्यांच्या तोंडी होतं. लहानपणी त्यांच्या बापाने त्यांना त्या शिवेवरून अनवाणी फिरवलं होतं. बाबा थांबले तिथे पटवारी खूण करी, आणि एरवी आमची सावली टाळणारे लोक ती खूण निमूट मान्य करत. धम्म घेतल्यावर बाबांनी कोतवालकी सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. शीव मात्र त्यांच्या डोक्यातून कोण काढून घेणार होतं? हे सगळं मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरी मी ते अर्धं पान घोकलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

वर्ध्याला परतल्यावर वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. पंधरवडाभर डिक्शनरी घेऊन त्याच्याशी झुंजले. कळलं ते असं की त्या लोकांच्या विद्वानांना अक्षरओळख होती, पण आपली विद्या ते लिहीत नसत. कायदे, वंशावळी, देवादिकांच्या कथा वर्षानुवर्षं तोंडपाठ करत. रोमनांच्या मागून नवे राज्यकर्ते आले आणि त्यांनी या लोकांना डोंगरांकडे रेटत नेलं. त्यांना नाव दिलं ते ‘परके’ अशा अर्थाचं, त्यांच्याच मुलखात! ते स्वतःला म्हणत ‘आपण एका भूमीचे’. आणि शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत तिथल्या काही शाळांत पोरं घरची भाषा बोलली की त्यांच्या गळ्यात लाकडी फळी अडकवत. गळ्यात काय काय अडकवतात ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मी टाचण फाडलं आणि नवं लिहिलं. बाई कळवळून म्हणाल्या, “अगं, बसलेला पाठ कशाला मोडतेस? नापास होशील.”

“होईन,” मी म्हणाले. आतून मी चांगलीच टरकले होते.

परीक्षेत वर्गाला पहिलाच प्रश्न टाकला, “ज्याच्याशी तुमचं भांडण झालं, त्यानेच तुमची गोष्ट लिहिली तर काय लिहील?” पोरं उसळली. मग शीव सांगितली, फळी सांगितली. एवढं सगळं सांगायच्या घाईत माझा फळा कोराच राहिला. मधेच परीक्षक उभे राहिले. “बाई, पुस्तकात हे आहे का?”

“पुस्तकात अर्धंच आहे, सर.”

नापास झाले. दोन दिवस रडले, आणि बाबांवरही मनातल्या मनात चिडले. घरी सांगितलं तर त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. “आता काय शिकवशीन?” एवढंच विचारलं.

नापासांना विषय निवडायची मुभा होती. बाई म्हणाल्या, गुप्तकाळ घे, सोपा आहे. मी अर्जावर ‘केल्ट लोक’ लिहिलं. वर्षभर तो पाठ घासूनपुसून घेतला. पहिल्या खेपेला मी शिकवलं कमी आणि भांडले जास्त, हे तोवर मला कळलं होतं. या वेळी निळा माणूस फळ्याशेजारी टांगला आणि हे चित्र कुणी काढलं असेल, त्याला काय दिसलं नसेल, ते पोरांकडूनच वदवून घेतलं. फळा भरला. मागच्या बाकावर तेच परीक्षक होते. या वेळी ते उठले नाहीत, हसलेही नाहीत. नुसते लिहीत राहिले.

टाचणवही परत मिळाली तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता. ‘पाठ पुस्तकाला धरून नाही. विषयाची तयारी चांगली. बाई हट्टी आहेत. उत्तीर्ण.’

वही घेऊन तडक वडनेर गाठलं आणि बाबांना शेरा वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. ‘हट्टी’पाशी मला हाताने थांबवलं.

“हे त्यानं खरं लिवलं,” ते म्हणाले.

दुसऱ्याने आमच्याबद्दल लिहिलेलं आणि बाबांनी मान्य केलेलं ते पहिलं वाक्य.