नवरीच्या जागेवरून

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, की मंगलाष्टक श्रीधरपंतांचंच. बँकेतून निवृत्त झालेले हे माझे शेजारी दोन्ही घरची नावं गुंफून अशी कडवी रचत, की मांडव रडला नाही तर त्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. अंगणातली तुळस, आईचा पदर आणि रडत निघालेली लेक. नवरी खुदुखुदु हसत असली तरी ह्यांच्या मंगलाष्टकात ती रडायचीच!

मग त्यांच्याच हिमानीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, रडगाणं नको. मी खुशीत चाललेय. तसं जमणार नसेल तर गुरुजींचं नेहमीचंच चालेल."

झालं! माणूस सैरभैर. पोटच्या लेकीच्या लग्नात आपलं मंगलाष्टक नाही? ताटावरून उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. शहागंजात खरेदीला गेले आणि रिकाम्या पिशव्या घेऊन आले. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "पंत, सारखं बापाच्या जागेवरून काय बघता? जागा बदला की!"

त्यांनी खरंच बदलली. बायकोच्या, भानुमतीवहिनींच्या खुर्चीत बसून आईचं कडवं लिहिलं. ते आणखीच रडकं निघालं. विहीणबाई होऊन लिहिलं, तर त्यात नुसता मानपान. वहिनी म्हणाल्या, "आता नवरदेवाच्या घोडीवर बसून बघा!"

एका दुपारी ते हिमानीच्या खिडकीशी बसले. तिथून घर दिसतच नव्हतं. रस्ता दिसत होता, चिकलठाण्याकडं उतरणारं विमान दिसत होतं. त्यांनी भराभर लिहिलं, 'मी' म्हणून, तिच्या तोंडचं. अडले ते शेवटच्या दोन ओळींशी. लेक बापाला काय म्हणेल? इतक्या वर्षांत एकाही नवरीला त्यांनी हे विचारलं नव्हतं. पुन्हा येरझाऱ्या. अखेर कागद तिच्यापुढं धरून म्हणाले, "हे तूच सांग."

"सांगणार नाही. म्हणेन," ती म्हणाली.

आणि लग्नात अंतरपाटाआडून चक्क नवरीच गायला लागली. गुरुजी बघतच राहिले. रस्ता आला, विमान आलं, लोक हसले. मग शेवटच्या दोन ओळी:

"बाबा, हाक तुम्ही घरात सवयीनं मारून जाल कधी,
'आले!' कोण म्हणेल, एवढंच मला भय वाटते, बाकी सुखी!"

अक्षता पडल्या. श्रीधरपंतांच्या मात्र मुठीतच राहिल्या. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?